अंथरुणावरची कवायत

आपल्या नाशिक जिल्ह्यात विहिरी पुष्कळ. उन्हाळा लागला की पोरं विहिरीवर जमतात. काठावरून सूर मारतात. वैशाखात पाणी खाली गेलेले असते. तळाचा खडक जवळ आलेला असतो, पण उडी मारणाऱ्याला तो दिसत नाही. डोके खडकावर आपटते, मान मोडते. धडधाकट मुलगा एका क्षणात जागच्या जागी लुळा होतो. कोणी आंब्याच्या झाडावरून पडतो. कोणी चाऱ्याने भरलेल्या गाडीवरून खाली येतो. कोणाची मोटारसायकल घाटात घसरते.

दवाखान्यातून माणूस घरी येतो. ओटीवर बाज टाकली जाते. शेजारीपाजारी येतात, हळहळतात. म्हणतात, "आता काय राहिलं? पडू द्या बिचाऱ्याला निवांत."

मंडळी, हे निवांत पडू देणेच त्याच्या जिवावर उठते. मान मोडून जी माणसे वाचतात, त्यांतली पुष्कळशी पुढे मानेच्या दुखण्याने दगावत नाहीत. पाठीला पडलेल्या जखमा चिघळतात, लघवीत पू होतो, छातीत कफ साचतो. अशा गोष्टींनी ती जातात. आणि या गोष्टी बऱ्याच अंशी टाळता येतात. त्यासाठी व्यायाम लागतो. हातपाय न हलणाऱ्या माणसाने व्यायाम कसा करायचा, हेच आज पाहू.

तार तुटली, मोटार शाबूत

विहिरीवरच्या विजेच्या मोटारीचे उदाहरण घ्या. खांबावर वीज आहे. मोटारही चांगली आहे. पण मधली तार तुटली, तर मोटार फिरेल का? नाही फिरणार. आपल्या शरीराचे तसेच आहे. मेंदू हुकूम देतो. हातपाय ते हुकूम पाळतात. मधली तार पाठीच्या कण्यातून जाते. तिला मज्जारज्जू म्हणतात. मानेत ७ मणके असतात. त्यांतून ही तार खाली उतरते. मान मोडली आणि तार चेंगरली, की खालच्या अंगाला हुकूम पोचत नाही. स्पर्शही वर कळत नाही. चारी हातपाय जातात. डॉक्टर याला क्वाड्रिप्लेजिया म्हणतात. अर्धांगवायू वेगळा. त्यात दोष मेंदूत असतो आणि बहुधा एकच बाजू जाते.

आता शेतकऱ्याला ठाऊक आहे की, मोटार चार महिने बंद ठेवली तर जाम होते. म्हणून शहाणा शेतकरी मधून मधून तिचा पंखा हाताने फिरवतो. तार जोडली जाईल तेव्हा जाईल, पण मोटार तरी जाम व्हायला नको. लुळ्या अंगाला व्यायाम द्यायचा, तो याच कारणाने. न हलवलेला सांधा आखडतो. गुडघा वाकडा तो वाकडाच राहतो. मग त्याला खुर्चीत बसवता येत नाही, नीट निजवता येत नाही, धुता येत नाही.

आणखी एक गोष्ट. सगळ्यांचीच तार सगळी तुटत नाही. इजा मानेत वर असेल तर नुकसान जास्त, खाली असेल तर कमी. कोणाला फक्त खांदे उडवता येतात. कोणाचे कोपर वाकते, पण सरळ होत नाही. कोणाचे मनगट वर उचलते, पण बोटे हलत नाहीत. जे शिल्लक आहे ते हेरायचे आणि बळकट करायचे.

जुने लोक काय करीत

साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा एक ग्रंथ इजिप्त देशात सापडला आहे. त्यात मान मोडून हातपाय गेलेल्या माणसाचे वर्णन आहे. हा आजार उपचार करण्याजोगा नाही, असा निकाल तिथल्या वैद्याने देऊन टाकला आहे. हा निकाल पुढे हजारो वर्षे टिकला.

तो फिरवला लुडविग गुटमान नावाच्या डॉक्टरने. ते जर्मनीतले यहुदी. हिटलरच्या जाचामुळे १९३९ साली ते इंग्लंडला गेले. १९४४ साली स्टोक मँडेव्हिल या गावी कणा मोडलेल्या शिपायांसाठी त्यांनी दवाखाना सुरू केला. रोग्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, रात्रीसुद्धा, अशी त्यांची शिस्त. ते स्वतः रात्री फेरी मारून पाहत. जखमा कमी झाल्या. मग त्यांनी रोग्यांना खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी दवाखान्याच्या आवारात चाकाच्या खुर्चीवरच्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्यातूनच आजची पॅरालिम्पिक स्पर्धा उभी राहिली.

आपल्याकडेही हे काम चालते. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ सालापासून कणा मोडलेल्या जवानांचे केंद्र आहे. कमरेखालचे अंग गेलेले जवान तेथे खुर्चीवर बसून चेंडूचे खेळ खेळतात. ज्यांचे हातही गेले, त्यांतले काही तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या आणि पाय गेले. उपचार म्हणून पोहायला लागले. १९७२ साली जर्मनीत ५० मीटर पोहण्यात ते पहिले आले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता तुम्ही म्हणाल, "मास्तर, त्यांचे हात तरी चांगले होते." खरे आहे. मग हरियाणातल्या धरमबीरचे ऐका. हा सोनिपतकडचा खेड्यातला तरुण. त्याने कालव्यात सूर मारला. पाण्याचा अंदाज चुकला, खाली दगड होते. कमरेखालचे अंग गेले आणि बोटांतही पकड राहिली नाही. त्याच्याचसारख्या अमितकुमार सरोहा नावाच्या खेळाडूने त्याला शिकवले. खेळ असा की, खुर्चीत बांधून बसायचे आणि लहानशा मुद्गलासारखा लाकडी दांडा लांब फेकायचा. सप्टेंबर २०२४ मध्ये पॅरिसला त्याच्या पहिल्या चार फेकी बाद झाल्या. पाचवी गेली ३४.९२ मीटर. सुवर्णपदक मिळाले. शिकवणारे गुरुजीही त्याच स्पर्धेत होते, आणि ते मागे राहिले. मला त्या पदकापेक्षा ही गोष्ट जास्त आवडते.

प्रत्येकाला पदक मिळणार नाही. पण अंगात ताकद आली, तर स्वतःच्या हाताने घास तोंडात घालता येतो. घरात ते पदकाहून मोठे.

हुकूम त्याचा, हात आपले

मी शाळेत कैक वर्षे कवायत घेतली. कवायतीत हुकूम देणारा एक असतो. इथेही तसेच करावे. अंथरुणावरच्या माणसाला नुसते पोत्यासारखे इकडून तिकडे करू नये. कोणता सांधा, किती वेळा, केव्हा थांबायचे, हे त्याने सांगावे. मोजणी त्याने करावी. त्याचे डोके शाबूत आहे, आवाज शाबूत आहे. हातपाय आपले वापरायचे. मूल असेल तर त्याला "बाळा, आता कोणता पाय?" असे विचारावे. वडील माणूस असेल तर, "दादा, झालं का? अजून दोनदा करू?" असे विचारून घ्यावे.

पहिल्या प्रथम डॉक्टरांना विचारावे. मान पक्की जुळली आहे, असे त्यांनी सांगितल्याशिवाय मानेला हात लावू नये. हाडवैद्याला तर मुळीच लावू देऊ नये. व्यायाम शिकवणारे डॉक्टर दवाखान्यात असतात. त्यांच्याकडून एकदा घरच्या दोघांनी हात फिरवायला शिकून घ्यावे. एकट्या बायकोवर किंवा आईवर सगळा भार टाकू नये. तिची कंबर गेली, तर घरात दोन बाजा टाकाव्या लागतील.

सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक सांधा सावकाश पाच-दहा वेळा फिरवावा. खांदा, कोपर, मनगट, मांडीचा सांधा, गुडघा, घोटा. एक हात सांध्याच्या वर, एक खाली. हिसका देऊ नये. त्याला दुखलेले कळत नाही, म्हणून जास्त जपायचे. शिवाय न वापरलेली हाडे ठिसूळ होतात. जोर केला तर मोडतात. कधी कधी पाय आपोआप ताठतो, थरथरतो. ते पाहून घरची माणसे आनंदतात, "पाय हलला!" म्हणतात. तो झटका असतो. त्याच्याशी झोंबू नये. हात धरून स्वस्थ थांबावे, ओसरला की पुढे चालू करावे.

टाच मात्र रोज ताणावी. पंजा वर, पोटरी सैल होईपर्यंत. निजवताना पावले सरळ उभी राहतील अशी उशी लावावी. नाहीतर पंजा खाली पडतो आणि खुर्चीच्या पायरीवर पाय ठेवता येत नाही.

एक पोटरी दुसरीपेक्षा सुजलेली, गरम लागली, तर चोळू नका. तेल नको, मालीश नको. आत रक्ताची गाठ असू शकते. ती सुटून छातीत गेली तर माणूस दगावतो. तसाच दवाखाना गाठावा. आणि शेक तर कधीच देऊ नये. कातडीला चटका कळत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने कातडी भाजून निघते, आणि ते दुसऱ्या दिवशी कळते.

बोटांची एक युक्ती

हे नीट वाचा, कारण पुष्कळ घरांत इथेच नुकसान होते.

आपला स्वतःचा हात टेबलावर सैल सोडा. आता मनगट वर उचला. बोटे आपोआप मिटतात ना? मनगट खाली सोडा. बोटे उघडतात. बोटांच्या शिरा मनगटावरून जातात, त्या ताणल्या की बोटे ओढली जातात. ज्याचे मनगट वर उचलते पण बोटे हलत नाहीत, त्याला हीच पकड उपयोगी पडते. मनगट वर केले की भाकरीचा तुकडा, पेन, चमचा चिमटीत धरता येतो.

पण घरची माणसे काय करतात? बोटे वाकडी दिसतात म्हणून रोज ताणून ताणून सरळ करतात. शिरा ढिल्या पडतात. मग मनगट उचलले तरी बोटे मिटत नाहीत. देवाने ठेवलेली पकड आपल्या मायेने जाते! म्हणून मनगट वर असताना बोटे मिटलेली ठेवावी. बोटे सरळ करायची असतील तर मनगट खाली सोडूनच करावी. बोटे जराशी वाकलेली राहिली तरी चालेल. ती दिसायला वाकडी, पण कामाला सरळ.

त्याने स्वतः करायचा व्यायाम

खांदे उडवणे, हे पहिले. कानाकडे न्यायचे, मागे न्यायचे, सोडायचे. कोपर वाकत असेल तर मनगटाला वाळूची लहान पिशवी फडक्याने बांधावी. पावशेरापासून सुरू करावे. दहा वेळा हात उचलावा, दम घ्यावा, पुन्हा दहा, असे तीनदा. जुन्या सायकलची पायडली लोखंडी चौकटीवर बसवून दे, असे गावच्या सायकलवाल्याला सांगितले तर तो करून देईल. ती टेबलावर ठेवावी, हात फडक्याने पायडलीला बांधावे आणि फिरवावी. बांधलेले फडके फार घट्ट नको, खाली कातडी लाल झाली का ते पाहावे.

किती करावे? निरनिराळ्या देशांतल्या जाणत्यांनी मिळून याचे माप ठरवले आहे. अंगात दम यायचा असेल तर आठवड्यातून दोनदा २० मिनिटे दम लागेल असा व्यायाम, आणि दोनदा ताकदीचा. हृदय व साखर यांच्या दृष्टीने आठवड्यातून तीनदा ३० मिनिटे. नव्या माणसाने पाच मिनिटांपासून सुरुवात करावी. घाई नको.

दम लागला हे नाडीवरून ओळखू नये. मान मोडलेल्या माणसाची नाडी आपल्यासारखी धावत नाही, कितीही मेहनत केली तरी थोडीच वाढते. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला की पुरे समजावे.

गाण्यावरून आठवले. छातीचा व्यायाम सगळ्यांत महत्त्वाचा. बरगड्यांमधले स्नायू लुळे पडतात. पोटाचेही. खोकायला जोर राहत नाही. साधे पडसे झाले तरी कफ आत साचतो. म्हणून दिवसातून चार वेळा खोल श्वास घ्यावा, थोडा धरावा, सोडावा. बाटलीत पाणी घालून नळीने बुडबुडे काढावे. आणि मोठ्याने भजन म्हणावे. ही थट्टा नाही. सूर लांबवताना छाती कामाला लागते. गावच्या भजनी मंडळाने आठवड्यातून एक दिवस त्याच्या ओटीवर बसावे. व्यायाम होतो, आणि माणसेही भेटतात.

कफ अडकला तर खोकताना घरच्याने बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली तळवे ठेवून आत आणि वर दाबायचे असते. हे मात्र डॉक्टरांसमोर शिकून मगच करावे. जेवल्याबरोबर करू नये.

उठवणे, वळवणे, पाहणे

निजलेल्याला एकदम बसवू नये. रक्त पायात उतरते, घेरी येते. पाठीमागे उश्या वाढवत वाढवत बसवावे. पोटाला रुंद पट्टा बांधला तर बरे वाटते. घेरी आलीच तर पुन्हा मागे कलते करावे.

बाजेवर दर दोन तासांनी कूस बदलावी. खुर्चीत असेल तर पाव ते अर्ध्या तासाने पुढे किंवा बाजूला झुकवून दोन मिनिटे बुडावरचा भार काढावा. रोज आंघोळीच्या वेळी माकडहाड, बूड, टाचा, खांद्याची पाती पाहावी. कोठे लाल डाग दिसला आणि दाब काढल्यावरही गेला नाही, तर त्या जागेवर भार देऊ नये. खुर्ची बंद झाली तरी चालेल. आज डाग असतो, चार दिवसांत तिथे खड्डा पडतो आणि भरायला महिने लागतात.

खाणे साधे असावे. हलणे कमी, म्हणून भाकरी थोडी कमी. डाळ, मटकी, अंडे, दूध मात्र रोज. कातडी त्यावर टिकते. पाणी किती द्यायचे ते लघवीच्या नळीप्रमाणे डॉक्टर सांगतील.

ऊन आणि थंडी यांचे भान ठेवावे. इजेच्या खालच्या अंगाला घाम येत नाही. त्यामुळे मालेगावच्या मे महिन्यात त्याचे अंग तापत जाते. निफाडच्या पौषात गारठत जाते. उन्हाळ्यात व्यायाम पहाटे करावा, ओले फडके मानेवर ठेवावे. थंडीत ऊन वर आल्यावर करावा. गोधडी द्यावी, शेकोटीजवळ नेऊ नये.

ही खूण ओळखा

अचानक डोके फुटल्यासारखे दुखू लागले, तोंड लाल झाले, कपाळावर घाम आला, अंगावर काटा उभा राहिला, तर हा धोका समजावा. खाली कोठे तरी त्रास आहे, तो त्याला कळत नाही, पण रक्तदाब भडकतो. बहुतेक वेळा लघवी तुंबलेली असते.

व्यायाम थांबवा. त्याला सरळ बसवा, निजवू नका. पट्टा, नाडी, बूट सैल करा. लघवीची नळी पिळली आहे का, पिशवी भरली आहे का, ते पाहा. पोट साफ नसणे, चिमटलेली कातडी, वाढलेले नख, यांनीही असे होते. कारण काढले की बहुधा लगेच उतार पडतो. थोड्या मिनिटांत उतार नाही पडला, तर १०८ वर फोन करा. डॉक्टरांना "मान मोडलेला आहे आणि रक्तदाब चढला आहे" असे आधी सांगा. असा रोगी सगळ्यांनी पाहिलेला असतोच असे नाही.

खुर्ची आणि उंबरा

जिल्हा रुग्णालयात अपंगत्वाचा दाखला मिळतो. तो काढावा. त्यावर चाकाची खुर्ची सरकारी योजनेतून मागता येते. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कचेरीत करावा. खुर्ची घेताना त्याला बसवून पाहावे. बुडाखाली जाड गादी हवीच. नुसत्या कापडी बैठकीवर बसवले तर आठवड्यात जखम होते.

पण खुर्ची आणली आणि उंबऱ्यापाशी अडली, तर काय उपयोग? ओटा एक फूट उंच असेल, तर उतरण बारा फूट लांब करावी. गवंडी म्हणेल, "गुरुजी, चार फुटांत बसवतो." ऐकू नये. चार फुटांच्या उतरणीवर खुर्ची चढवताना ढकलणारा दमतो आणि उतरवताना खुर्ची सुटते. जागा नसेल तर उतरण अंगणात एकदा वळवून घ्यावी. वळणावर खुर्ची फिरेल इतकी, पाच फुटांची, सपाट जागा ठेवावी. कडेला विटेचा काठ करावा, म्हणजे चाक घसरणार नाही. वर सिमेंट गुळगुळीत करू नये, झाडूने रेघा ओढाव्या. पावसाळ्यापूर्वी काम उरकले तर बरे.